पाण्याखालचे पाढे

प्रतिनिधी

कॅल्क्युलेटर स्वस्त झाला, तेव्हा मराठी घराघरांतून एक वाद रंगला होता. मुलांनी आता पावकी-निमकी पाठ करायची की नाही? तसाच वाद स्कूबा डायव्हिंगच्या जगात गेली अनेक वर्षे सुरू आहे. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर सारा हिशेब आपोआप करत असताना नवशिक्याने छापील कोष्टक, म्हणजे 'डाइव्ह टेबल', शिकण्यात वेळ का घालवावा, असा हा प्रश्न आहे. मालवण-तारकर्लीला जाऊन केवळ हौसेची एखादी बुडी न मारता रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या आपल्याकडेही वाढते आहे. त्यामुळे हा वाद आता आपल्या किनाऱ्यावरही येऊन ठेपला आहे.

कोष्टक कशाचे, हे आधी पाहू. समुद्रात दर दहा मीटर खोलीमागे सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत बहुधा साधी हवाच असते आणि तिचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचा असतो. वाढत्या दाबाखाली हा नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. तोवर त्रास काहीच नसतो. त्रास होतो तो वर येताना. गोटी सोड्याची बाटली फोडली की जे होते, तेच शरीरात होऊ शकते. दाब झपाट्याने उतरला, तर विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सांध्यांत असह्य वेदना होतात, अंगाला मुंग्या येतात आणि मज्जारज्जूला इजा झाली तर कायमचे पांगळेपणही येऊ शकते. किती खोलीवर किती मिनिटे राहिले असता थेट, पण सावकाश, वर येणे सुरक्षित आहे, याचा तक्ता म्हणजे हे कोष्टक.

त्याचे जनक जॉन स्कॉट हॉल्डेन. बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांसह त्यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध हा या शास्त्राचा पाया मानला जातो. प्रयोगासाठी त्यांनी निवडल्या होत्या शेळ्या. दाबाच्या कोठडीतून बाहेर काढलेली शेळी एक पाय उचलून लंगडू लागली, की हिशेब चुकला असे समजायचे! शरीरातील सर्वच ऊती सारख्या वेगाने वायू शोषत नाहीत आणि सोडतही नाहीत, हे ओळखून हॉल्डेन यांनी जलद ते संथ असे पाच गट कल्पिले. (याच हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन हे थोर जीवशास्त्रज्ञ. ते १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.)

कोष्टकाची खरी गंमत कळते ती दुसऱ्या बुडीच्या वेळी. अमेरिकी नौदलाच्या १९५७ च्या गाजलेल्या कोष्टकाचे उदाहरण घेऊ. त्यातील आकड्यांत पुढे सुधारणा झाल्या, त्यामुळे ते आज समुद्रात वापरायचे नाहीत, पण हिशेबाची रीत समजून घ्यायला ते उत्तम आहेत. साठ फुटांवर, म्हणजे सुमारे १८ मीटरवर, या कोष्टकाने ६० मिनिटांची मुभा दिली आहे. समजा, आपण ३० मिनिटेच राहून वर आलो. कोष्टक आपल्याला 'एफ' गटात टाकते. तासभर होडीवर विश्रांती घेतली की आपण 'ई' गटात येतो. पुन्हा साठ फुटांवरच जायचे असेल, तर 'ई' गटाच्या खात्यावर ३० मिनिटांची शिल्लक आधीच मांडलेली असते. ती साठातून वजा केली की हाती उरतात अवघी ३० मिनिटे. तासभर विश्रांती घेऊन चहा-बिस्किटे झाली, अंग हलके वाटले, तरी पहिल्या बुडीतले देणे फिटलेले नसते. विश्रांती तीन तासांची केली, तर शिल्लक १७ मिनिटांवर येते आणि ४३ मिनिटे मिळतात. एवढे एक गणित स्वतःच्या हाताने मांडले, की 'मला तर काहीच होत नाही' हा नवशिक्याचा भ्रम बऱ्यापैकी उतरतो.

आता दुसरी बाजू. कोष्टकाचा हिशेब मोठा ढोबळ असतो. संपूर्ण बुडीत आपण सर्वांत खोल बिंदूवरच होतो, असे ते धरून चालते. प्रत्यक्षात कोणी पाच मिनिटे अठरा मीटरवर जातो आणि उरलेला वेळ दहा मीटरवर प्रवाळ पाहत हिंडतो. साठ फुटांऐवजी एकसष्ट फूट झाले, तर कोष्टकात सत्तरचीच ओळ धरावी लागते आणि मुभा ५० मिनिटांवर येते. शिवाय वजाबाकीत चूक करणारे नवशिके काही थोडे नसतात. डाइव्ह कॉम्प्युटर मात्र काही सेकंदांच्या अंतराने खोली मोजतो आणि शरीरातील नायट्रोजनचा अंदाज सतत नव्याने मांडतो. झुरिकचे प्रा. ब्यूलमान यांच्या प्रारूपावर आजची अनेक उपकरणे चालतात. त्यात हॉल्डेन यांच्या पाच गटांऐवजी सोळा गट आहेत. १९८३ च्या सुमारास अशी उपकरणे बाजारात आली आणि आज हौशी पाणबुड्यांत कोष्टक घेऊन पाण्यात उतरणारा विरळाच. 'पॅडी' या मोठ्या प्रशिक्षण संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमातही कोष्टकाऐवजी कॉम्प्युटर शिकवण्याची मुभा आहे. चार दिवसांच्या अभ्यासक्रमात कोष्टकावर खर्च होणारा वेळ पाण्यात तोल सांभाळायला आणि सावकाश वर यायला शिकण्यात घालवावा, हे प्रशिक्षकांचे म्हणणे सहज खोडून काढता येणार नाही.

तरीही कोष्टक किमान एकदा शिकावेच, असे प्रस्तुत प्रतिनिधीला वाटते. त्याचे कारण उपकरणाच्या बिघाडापेक्षा वापरणाऱ्याच्या अज्ञानात आहे. कॉम्प्युटर बंद पडलाच, तर करायचे काय ते सोपे आहे. सावकाश वर यावे, पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घ्यावा आणि पुढचे २४ तास पाण्यात उतरू नये. बहुस्तरीय बुडीच्या मध्यावर कोष्टक काढून काही उपयोगही नसतो. खरी फसगत होते ती भाड्याच्या उपकरणांत. सकाळच्या बुडीला एक कॉम्प्युटर मिळाला, दुपारी त्याच केंद्रातून दुसराच हाती आला. या दुसऱ्याच्या लेखी आपण आजची पहिलीच बुडी मारत असतो, त्यामुळे सकाळची शिल्लक न धरता तो भरघोस मिनिटे देऊ करतो. पडद्यावरचा आकडा शांतपणे चुकीचा असतो. दोघांत मिळून एकच उपकरण वापरणाऱ्या जोडप्यांचेही तेच. जोडीदार तीन मीटर खाली असला, तर वरच्याच्या मनगटावरचा हिशेब त्याचा नव्हे. ज्याने शिल्लक मिनिटांची वजाबाकी कधी केली आहे, त्याला हा आकडा खटकतो. ज्याने केली नाही, तो खाली जातो.

कोष्टकाने काय साधत नाही, हेही सांगायला हवे. थकवा, पाणी कमी पिणे, थंडी, वय यांचा विचार ना कागद करतो ना यंत्र. दोन्हींच्या मर्यादेत राहूनही त्रास झालेले पाणबुडे आहेत.

हिशेब किनाऱ्यावर आल्यावरही संपत नाही. विमानप्रवासासाठी 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'च्या पुढाकाराने २००२ मध्ये ठरलेली मार्गदर्शक तत्त्वे एका बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्या किंवा सलग अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास थांबायला सांगतात. ती २००० फुटांपासून, म्हणजे सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू आहेत. आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर. सहा-सात मीटरवर हौसेची एखादी बुडी मारणाऱ्या पर्यटकाला यातून फारशी भीती नाही. परंतु मालवणला दोन दिवसांत चार-पाच बुड्यांचा अभ्यासक्रम उरकून कोल्हापूर वा पुण्याकडे गाडीने निघणाऱ्याने घाटाचा हा हिशेब जरूर करावा. रविवारी दुपारी दोन वाजता शेवटची बुडी आटोपली असेल, तर आंबोलीचा चढ सोमवारी सकाळी आठनंतर.