फिर्यादीचीच झडती

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि त्या ठरावाची शाई वाळते न वाळते तोच खेड्यापाड्यांतून दलित वस्त्या पेटू लागल्या. विद्यापीठ औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. परंतु घरे जळाली ती बहुतांशी अशा भूमिहीन शेतमजुरांची, की ज्यांच्यापैकी पुष्कळांचा त्या विद्यापीठाशी कधी संबंधही आला नव्हता. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्याच ऑगस्टात मारले गेले.

याहून खेदाची गोष्ट ही, की सुशिक्षितांच्या बैठकींतून पुढे जी चर्चा होत राहिली, तिचा रोख जाळणाऱ्यांकडे क्वचितच वळला. नावाचा हट्ट कशाला धरला, प्रांताची अस्मिता का दुखावली, थोडी सबुरी का नाही धरली, असे सारे सवाल ज्याचे छप्पर गेले त्यालाच विचारले गेले. गावकीची हलकी कामे नाकारणारा, गायरानाचा तुकडा कसू लागलेला, मुलाला नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयात धाडण्याचे मनात आणणारा माणूस 'माजला' ठरे; आणि एकदा तो माजला ठरला, की त्याच्यावरील हल्ला ही गुन्ह्याऐवजी अद्दल भासू लागे.

या मनोव्यापाराचा एक उलगडा मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सापडतो. एका तरुणीला विजेचे झटके बसत असल्याचा देखावा प्रेक्षकांना दाखविण्यात आला. ज्यांना तिचे हाल थांबविण्याचा उपाय नव्हता, ते हळूहळू तिलाच कमी लेखू लागले. जग न्यायाने चालते ही श्रद्धा शाबूत राखण्यासाठी सोसणाऱ्यालाच दोषी ठरविणे मनाला सोयीचे पडते. आपल्याकडे ही सोय जातीने आधीच करून ठेवलेली असते, कारण कोणाची प्रतिष्ठा किती हे घटनेपूर्वीच ठरलेले असते.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे आणि त्यांची तीन मुले यांची हत्या झाली. पती भैयालाल तेवढे वाचले. सुरेखाबाईंनी एका मारहाणीच्या प्रकरणात निर्भयपणे जबानी दिली होती. हत्येनंतर मात्र चर्चा सुरू झाली ती त्यांच्या चारित्र्याची! सत्र न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरवून सहांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने २०१० साली ती २५ वर्षांच्या कारावासावर आणली. परंतु अ‍ॅट्रॉसिटी कायदा दोन्ही ठिकाणी लागू धरला गेला नाही. हेतू सूडाचा मानला गेला. सूड असेलही, पण तीच जबानी गावातील एखाद्या वरच्या जातीच्या बाईने दिली असती, तर तिच्या अख्ख्या कुटुंबावर जमाव चालून गेला असता का, हा प्रश्न मला सोडता येत नाही.

१९८९ च्या त्या कायद्यातील गंभीर गुन्ह्यांचे कलम मुळात असे होते, की पीडित दलित आहे 'या कारणास्तव' कृत्य घडले हे सिद्ध करावे लागे. मारणाऱ्याच्या अंतःकरणाचा पंचनामा कोण करणार? २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने जात ठाऊक असताना गुन्हा केला एवढे पुरेसे ठरविले. आणि आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख असल्यास, उलट सिद्ध होईतो, जात त्याला ठाऊक होती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असेही सांगितले. खेड्यात कोण कोणाला ओळखत नाही!