‘आई, तू राहू दे!’

मैत्रिणींनो, असा प्रसंग तुमच्याही घरी घडला असेल. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी लेकीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होते. ‘आम्ही सहलीविषयी चर्चा केली’ या वाक्याचं इंग्रजी तिनं लिहिलं होतं, ‘वी डिस्कस्ड द ट्रिप.’ मला वाटलं, पोरीचं ‘विषयी’ राहूनच गेलं! मी ठसक्यात मध्ये ‘अबाउट’ घालायला लावलं. दुसऱ्या दिवशी वही परत आली ती त्या ‘अबाउट’वर लाल रेघ घेऊन. लेक म्हणाली, “आई, माझं बरोबर होतं. तू राहू दे, मी माझी करते.”

अर्धा मार्क गेला त्याचं काही नाही. पण ते ‘तू राहू दे’ मनाला लागलं. आज अभ्यासात राहू दे म्हणणारी मुलं उद्या शाळेतल्या पालकसभेलाही ‘तू येऊ नको’ म्हणतील, अशी धास्ती वाटली. रात्री सगळी निजल्यावर मी तिचं पुस्तक घेऊन बसले. त्यातून जे उमगलं, तेच आज तुम्हांला सांगते.

आमचं अड्याळ भंडारा-पवनी रस्त्यावरचं, धानाच्या मुलखातलं गाव. इथं रोवणीच्या गप्पा काही इंग्रजीतून होत नाहीत! महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. त्याआधी शिकलेल्या आपण बहुतेकींनी ए-बी-सी-डी गिरवली ती पाचवीत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी पक्की केली. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं, हीच आपली वाट. वाट वाईट नाही, पण शब्दाला शब्द लावत गेलं की फसगत होते.

फसगत होते कुठे?

आपली ही वाक्यं पाहा. मूल आईला भितं, आईवर रुसतं, आईशी भांडतं, आईपासून खाऊ लपवतं आणि आईचीच वाट पाहतं. क्रियापद बदललं की ‘आई’ची शेपटी बदलली. हे आपल्याला कोणी पाठ करून घेतलं नाही, कानानंच शिकवलं. ‘आईवर भांडतं’ असं कोणी म्हटलं तर चटकन खटकतं, हो ना?

इंग्रजीतही असंच आहे. फरक एवढाच, की आपला प्रत्यय नामाच्या मागे चिकटतो आणि त्यांचा छोटा शब्द नामाच्या आधी उभा राहतो. कोणता शब्द उभा राहायचा, हे बहुधा क्रियापद ठरवतं. ती त्यांची जोडी आहे. आपल्या जोडीशी ती जुळेलच असं नाही. म्हणून डाळ-तांदळाचे डबे वेगळे करतो तसे या शब्दांचे तीन डबे करा.

पहिला डबा : मराठीत शेपटी आहे, इंग्रजीत काहीच नको. आपण ‘सरांना विचार’ म्हणतो म्हणून ‘आस्क टू सर’ होत नाही, नुसतं ‘आस्क सर’. भंडाऱ्याला पोचलो म्हणजे ‘रीच्ड भंडारा’, ‘रीच्ड टू’ नव्हे. खोलीत शिरली म्हणजे ‘एन्टर्ड द रूम’. मास्तरांशी लग्न केलं म्हणजे ‘मॅरीड अ टीचर’, मध्ये ‘विथ’ नको. आमचं ‘डिस्कस’ही याच डब्यातलं.

दुसरा डबा : मराठीत काही नाही, इंग्रजीत मात्र हवंच. गाणं ऐक, ‘लिसन टू’. चंद्र बघ, ‘लुक ॲट’. किल्ली शोध, ‘लुक फॉर’. पैसे माग, ‘आस्क फॉर’. पाहा बरं, ‘आस्क’ दोन्ही डब्यांत आलं! एकट्यानं विचारतं, ‘फॉर’ सोबत असलं की मागतं.

तिसरा डबा : दोन्हीकडे आहे, पण निराळं. माझ्यावर रागावली म्हणजे ‘अँग्री विथ मी’, ‘ऑन मी’ नव्हे. कुत्र्याला घाबरतो, ‘अफ्रेड ऑफ’. गणितात हुशार, ‘गुड ॲट’.

टाक, दे, ठेव

छोटा शब्द कधी कधी क्रियापदाचा सगळा नूरच पालटतो. ‘लुक आफ्टर’ म्हणजे मागून पाहणं नव्हे, सांभाळणं. दिवा मालवायला ‘क्लोज द लाइट’ म्हणून चालत नाही, ‘स्विच ऑफ’ म्हणावं लागतं. मुलं म्हणतात, ही काय विचित्र भाषा!

त्यांना सांगा, बाळांनो, आपली मराठीही हेच करते. ‘दूध पी’ आणि ‘दूध पिऊन टाक’ यांत फरक आहे की नाही? ‘पिऊन टाक’ म्हटलं की पेला रिकामा व्हायला हवा. इंग्रजीत तेच काम ‘ड्रिंक अप’मधला ‘अप’ करतो. फेकून दे, ‘थ्रो अवे’. लिहून ठेव, ‘राइट डाउन’. ‘टाक’मध्ये इथं टाकणं नाही आणि ‘अप’मध्ये वर जाणं नाही. आपल्याकडे दुसरं क्रियापद मदतीला येतं, त्यांच्याकडे छोटा शब्द. एवढं कळलं की मुलांची भीती निम्मी होते.

‘मोर बेटर’ का नाही?

आता तुलनेकडे वळू. मराठीत विशेषण तुलनेसाठी बदलत नाही. भंडारा अड्याळपेक्षा मोठं आणि नागपूर भंडाऱ्यापेक्षा मोठं. ‘मोठं’ आपलं तेच, सगळं काम ‘पेक्षा’ करतो. फार तर ‘जास्त’ लावतो. म्हणून मुलं ‘मोर बिगर’, ‘मोर बेटर’ लिहितात. पण ‘बिगर’मधल्या ‘अर’मध्ये ते ‘जास्त’ आधीच आलेलं असतं. एका भाजीत दोनदा मीठ कशाला? लहान शब्दांना ‘अर’, लांबलचक शब्दांना ‘मोर’, दोन्ही एकदम नाही. आणि ‘पेक्षा’च्या जागी ‘दॅन’.

याला अपवाद आहेत. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून आले. तिथं ते मुळातच तुलनेचे, म्हणून त्यांची जोडी ‘टू’शी. ‘सीनियर टू मी’. कॉफीपेक्षा चहा आवडतो, तर ‘प्रिफर टी टू कॉफी’.

मुलांना हसू नका बरं का. शेक्सपिअरच्या काळात दुहेरी तुलना खुद्द इंग्रज लेखक करीत. आणि आपण? संस्कृतात ‘श्रेष्ठ’चाच अर्थ सर्वांत उत्तम. तरी आपण ‘सर्वश्रेष्ठ’ आणि ‘श्रेष्ठतम’ म्हणतोच!

घरी करण्याजोगं

जुन्या वहीत पानावर तीन रकाने आखा आणि त्यांना डब्यांची नावं द्या. नवं क्रियापद आलं की त्याच्या जोडीदारासह आणि घरातल्या एका वाक्यासह लिहा. नुसतं ‘वेट’ नको, ‘आय ॲम वेटिंग फॉर बाबा’ लिहा. शब्दकोशात अर्थ पाहून थांबू नका, खालचं उदाहरणाचं वाक्यही वाचा. जोडी तिथंच सापडते. रोज दोन जोड्या पुरेत. आणि अडलं तर ‘मला येत नाही’ म्हणू नका, ‘चल, दोघी बघू’ म्हणा.

एक मात्र सांभाळा. मूल इंग्रजीत काही सांगत असेल तर मध्येच तोडून चूक काढू नका. त्याचं सांगून होऊ द्या, मग एखादीच चूक दाखवा. ‘डिस्कस अबाउट’ आपल्याकडे शिकलेली माणसंही सर्रास बोलतात. बोलण्यात ते खपतं, परीक्षेत मार्क जातो. कुठं अडवायचं आणि कुठं सोडून द्यायचं याला आपण तारतम्य म्हणतो. हा शब्दही तुलनेच्या ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांपासूनच झाला आहे!

आमची वही आता निम्मी भरली आहे. परवा लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, “आई, ‘डिपेंड’चा जोडीदार कोण गं?” मी पोळी उलटता उलटता म्हटलं, “ऑन. कोणावर तरी अवलंबून असतो ना आपण, तसंच. हा आपल्यासारखाच आहे.”

तिनं तिथंच उभ्याउभ्या वहीत लिहून घेतलं.