आरोग्य सल्ला : चिडखोर आतडे आणि चिनी काढा

“डॉक्टर, सगळ्या तपासण्या नॉर्मल, मग पोट का दुखतं?” नरसी नामदेवला हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. मुरडा येतो, शौचाला जाऊन आले की बरे वाटते. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. या विकारास ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ म्हणतात. यात आतड्याला जखम नसते. मेंदू व आतड्याचा ताळमेळ बिघडून आतडे हळवे होते. दुखणे मात्र खरेच असते.

चिनी वैद्यक याचे मूळ यकृत व प्लीहेच्या बेबनावात शोधते आणि रुग्ण पाहून वनस्पतींचे मिश्रण ठरवते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ११६ रुग्णांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला. हाँगकाँगच्या २००६ मधील चाचणीत मात्र खोट्या औषधापेक्षा जास्त गुण आला नाही. तेव्हा ‘चिनी जडीबुटी’च्या बिनलेबलाच्या पुड्या घेऊ नयेत, त्यांत स्टेरॉइड किंवा जड धातू असू शकतात.

इसबगोल थोड्या प्रमाणात सुरू करून भरपूर पाण्यासोबत घ्यावे. तिखट, तळकट व चहा कमी करावा. एकादशीचा उपवासही तेलकट फराळाने सोडू नये.

शौचातून रक्त, घटते वजन, ताप, रात्री झोपमोड करणारे जुलाब किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास असेल, तर काढ्यात वेळ न दवडता त्वरित तपासणी करून घ्यावी.