गती ३०

स्नोरलॅक्सची आणि आमची पहिली गाठ पडली ती तो वाटेत आडवा पसरलेला असतानाच. कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीतून लागायचं, त्यात त्यानं झोपेतच ओढ्याचं पाणी अडवलं होतं. पुढे मामेभावाच्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून ‘रेड’ खेळायला लागलो, तर तिथेही रूट १२ वर एक आणि रूट १६ वर एक असं हे ध्यान घोरत पडलेलं. बासरी वाजवून त्याला उठवायचं, उठला की तो अंगावर येतो, मग पकडायचा. मागे बसून गवार मोडणारी आजी म्हणाली, “एवढ्यांतून हा कुंभकर्णच बरा सापडला रे तुला!”

उंची २.१ मीटर, वजन ४६० किलो, गती ३०. दोन्ही खेळाडू आपापली चाल एकाच वेळी ठरवतात, पण ज्याच्या गड्याची गती जास्त त्याची चाल आधी लागते. म्हणजे संथ गड्यानं दर टर्नला आधी मार खायचा आणि शिल्लक राहिलाच तर मारायचं. मी त्याला सहाव्या जागेवर ठेवला आणि शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. आमच्या लेखी तो लिंबूटिंबू होता.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. तेव्हापासून त्या झोपाळूकडे मी जास्त लक्ष देऊन पाहत आलो आहे, आणि एक गंमत लक्षात आली. १९९६ ते २०२२ या काळात खेळाच्या नऊ पिढ्या आल्या. स्नोरलॅक्सचे मूळ आकडे मात्र एकदाच, १९९९ साली हलले आणि त्यानंतर आजतागायत तसेच आहेत. तरीही तो कधी राजा झाला, कधी अडगळीत गेला. बदलले ते भोवतालचे नियम. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता, संथ गड्याला खेळ किती वेळ देतो?

त्याला लोक ‘भिंत’ म्हणतात, ते मला फारसं पटत नाही. त्याचा बचाव अवघा ६५ आहे, म्हणजे बेताचाच. भरभक्कम आहे ते एचपी, म्हणजे जीव, १६०. तट साधा पण अंबारखाना ओसंडून वाहतोय, असा हा गड. असा गड दाणागोटा पुरेल तोवर लढतो.

फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ निघाले तेव्हाचे नियम संथ गड्यावर उघड अन्याय करणारे होते. क्रिटिकल हिट, म्हणजे नेहमीपेक्षा जोराचा घाव, लागण्याची शक्यता तेव्हा थेट गतीवर ठरायची. मूळ गतीला ५१२ नं भागायचं, की झालं. ११० गतीच्या टॉरॉसला साधारण २१ टक्के, आपल्या स्नोरलॅक्सला जेमतेम ६. वेगवान गडी आधी मारणार आणि वर जोरातही मारणार! एवढं असूनही टॉरॉस आणि चॅन्सीच्या बरोबरीनं त्याची गणना पहिल्या फळीत व्हायची. एक पद्धत होती रिफ्लेक्टची. तेव्हा मैदान सोडेपर्यंत रिफ्लेक्ट उतरत नसे, त्यामुळे बचाव दुप्पट करायचा, बॉडी स्लॅमनं समोरच्याला लुळं करत राहायचं, अंगाशी आलं की रेस्ट घेऊन झोपायचं. दुसरी पद्धत सेल्फ-डिस्ट्रक्टची. ही चाल समोरच्याचा बचाव निम्मा धरून लागायची. चॅन्सीचा बचाव मुळातच ५, त्यामुळे तिचा जागेवर निकाल. स्वतः जायचा, पण एकाला घेऊन जायचा. मला ही दुसरी पद्धत कधीच आवडली नाही. एवढा मोठा अंबारखाना, आणि त्याला स्वतःच काडी लावायची?

खरा सुवर्णकाळ आला नोव्हेंबर १९९९ मध्ये, ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’बरोबर. तोवर ‘स्पेशल’ हा एकच आकडा होता. आता त्याचे हल्ला आणि बचाव असे दोन भाग झाले. स्नोरलॅक्सचा स्पेशल हल्ला ६५ वरच राहिला, पण स्पेशल बचाव एकदम ११० झाला. वीज, बर्फ, पाणी, आग, सगळ्यांचा मारा तो आता निवांत सोसू लागला. क्रिटिकलचं गतीशी असलेलं नातं तुटलं. गड्यांना वस्तू हातात धरता येऊ लागल्या आणि त्यांत होती लेफ्टओव्हर्स, म्हणजे उरलंसुरलं जेवण. दर टर्नच्या शेवटी एकूण एचपीचा सोळावा भाग भरून देणारी. शंभराव्या पातळीवर त्याचं एचपी कमाल ५२३. म्हणजे काहीही न करता दर टर्नला ३२ परत. त्या पिढीत सगळेच आकडे एकदम पूर्ण वाढवता येत, त्यामुळे हल्ला की बचाव अशी निवडही करावी लागत नसे.

आणि मग कर्स. या चालीनं हल्ला एक पायरी वाढतो, बचाव एक पायरी वाढतो आणि किंमत म्हणून गती एक पायरी घटते. ज्याच्या खिशात दमडी नाही त्याला दंड ठोकून काय मिळणार? सहा कर्स झाले की हल्ला-बचाव चौपट. मधे जखमी झाला तर रेस्ट: दोन टर्न झोप, एचपी पूर्ण. तोवर समोरच्यानं जे काही केलं ते पाण्यात.

असा हा एक गडी जवळपास प्रत्येक संघात दिसायचा, आणि शंभर टर्न ओलांडणारे डाव नवलाचे नव्हते. पण त्याची दहशत कर्सपेक्षा अनिश्चिततेची जास्त होती. समोर आलेला स्नोरलॅक्स कोणत्या जातीचा, हे कळायला चार-पाच टर्न जायचे. बेली ड्रमवाला निघाला तर निम्मं एचपी खर्चून हल्ला एका झटक्यात शिखरावर. खास वाटपातून आलेला लव्हली किसवाला असला तर तुमचाच गडी गाढ झोपणार. त्याच्यावरचा हुकमी उतारा म्हणजे स्कार्मरी हा पोलादी पक्षी. नॉर्मल टाइपचे घाव त्याला टोचत नाहीत, अर्थक्वेक लागत नाही आणि तो व्हर्लविंडनं स्नोरलॅक्सला मैदानाबाहेर हुसकावतो; बाहेर गेला की जमवलेले सगळे कर्स शून्य. पुन्हा आत येताना जमिनीवर क्लॉयस्टरनं पसरलेले स्पाइक्स असले तर एचपीचा आठवा भाग तिथेच गळतो. मग याच्यावर स्नोरलॅक्सवाल्यांचा तोडगा म्हणजे चौथ्या चालीच्या जागी फायर ब्लास्ट. पक्षी ऐटीत आला की भाजून काढायचा.

मी हे नियम बऱ्याच उशिरा, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पोकेमॉन शोडाउनवर शिकलो. तिथे कोणत्याही पिढीचा डाव मांडता येतो. वर्षभर एकच चूक करत राहिलो: मैदानात आलं रे आलं की कर्स. समोरचा हुसकावणार, मी पुन्हा येणार, पुन्हा कर्स. जुना भिडू असता तर त्यानं आधी वीस टर्न नुसतं बघितलं असतं. हुसकावणारा कोण, त्याचं एचपी कुठवर आलंय, त्याच्या व्हर्लविंडच्या किती चाली उरल्यात (प्रत्येक चाल ठरावीक वेळाच वापरता येते), हे मोजून मगच पहिला कर्स. संथ गडी खेळवणाऱ्याला घाई असून चालत नाही. मला होती.

२००२ च्या ‘रुबी’ आणि ‘सॅफायर’नं गडाला वेढा घातला. आकडे वाढवण्यावर एकूण ५१० गुणांची मर्यादा आली. म्हणजे दोनच गोष्टी पूर्ण, बाकी उपाशी. बदल्यात त्याला थिक फॅट मिळाली, चरबीमुळे आग आणि बर्फाचा मारा निम्मा. वरवर सौदा वाईट नव्हता. पण टायरनिटार मैदानात उतरला की कायमचं वाळूचं वादळ सुरू होऊ लागलं, आणि ते दर टर्नला सोळावा भाग एचपी खायचं. लेफ्टओव्हर्स द्यायची सोळावा, वादळ घ्यायचं सोळावा. अंबारखान्याची वाटच बुजली.

त्यापुढच्या काही पिढ्यांत मारा वाढत गेला, दाणागोटा घटत गेला. स्नोरलॅक्सला सगळ्यात झोंबणाऱ्या फायटिंग टाइपला क्लोज कॉम्बॅटसारखे घाव मिळाले. २०१० मध्ये सेल्फ-डिस्ट्रक्टची बचाव निम्मा धरण्याची सवलत गेली. २०१३ च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये नॉक ऑफची ताकद २० वरून ६५ झाली, वर वस्तू उडवली तर दीडपट मार. जेवणाचा डबाच हिसकावून घेणारी ही चाल जिकडेतिकडे दिसू लागली. या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आमचा गडी बराचसा झोपूनच होता.

एक मात्र झालं होतं. २००६ च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये ट्रिक रूम नावाची चाल आली. ती लावली की काही टर्न सगळं उफराटं: सगळ्यात संथ तो आधी. एकास एक लढतीत तिचा उपयोग मर्यादितच, कारण ती लावण्यातच वेळ जातो. पण जागतिक स्पर्धेत खेळल्या जाणाऱ्या दुहेरी लढतीत एक गडी ट्रिक रूम लावतो आणि शेजारचा मोकळा असतो. तिथे ३० ही गती दोष उरली नाही. उलट कर्सनं गती आणखी घटली की आणखी आधी चाल! इतकी वर्षं दंड म्हणून भरलेली रक्कम व्याजासह परत आल्यासारखं वाटलं.

त्याचं पुनरागमन झालं ते २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये, तेही एका बोराएवढ्या फळामुळे. फिगीसारखी काही फळं तोवर एचपीचा आठवा भाग द्यायची, ती आता थेट निम्मं देऊ लागली. फक्त एचपी पाव उरल्याशिवाय खाता येत नसत. स्नोरलॅक्सकडे ग्लटनी, अर्थात हावरटपणा, हा गुण असू शकतो. हावरट गडी निम्म्यावरच फळ खातो. आता हिशेब बघा: बेली ड्रम निम्मं एचपी घेते, हल्ला शिखरावर नेते, निम्म्यावर आल्याबरोबर फळ तोंडात जातं आणि निम्मं परत. फुकटात चौपट हल्ला. रिसायकल असेल तर खाल्लेलं फळ पुन्हा हातात. २०१७ च्या दुहेरी लढतींत पोरीगॉन-२ ट्रिक रूम लावतोय आणि शेजारी हा ढोल बडवतोय, हे दृश्य ओळखीचं झालं.

‘सन’ आणि ‘मून’ आले त्याच वर्षी, २०१६ च्या डिसेंबरात, ‘पोकेमॉन गो’ जिओच्या साथीनं भारतात अधिकृतपणे आलं. इकडून-तिकडून फाइल मिळवून जुलैपासून खेळणारे होतेच. तिथे टर्न नाहीत, पण जिमवर चालून येणाऱ्याला ठरावीक सेकंदांतच रक्षकाला पाडावं लागतं. आमच्या बागेजवळच्या जिमवर कुणाचा तरी स्नोरलॅक्स बसलेला असायचा आणि चपला घासत आलेली कॉलेजची पोरं घड्याळाशी हरून परत जायची.

२०१९ नं त्याला डोंगराएवढा जायगँटमॅक्स अवतार दिला, आणि त्याच वेळी ती फळं तिसऱ्या भागावर आणली. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये रेस्टच्या मूळ चाली १० वरून ५ झाल्या. लांबणाऱ्या डावांना चाप, दुसरं काय. तिथे डोंडोझो नावाचा एक अवाढव्य मासा आहे: एचपी १५०, गती ३५, चाली कर्स, रेस्ट, स्लीप टॉक. समोरच्यानं कितीही बळ वाढवलं तरी हल्ला सोसताना त्याला ते दिसतच नाही, अशी त्याची खोड. १९९९ ची पोथी जशीच्या तशी, फक्त पाठ म्हणणारा नवा.

मी अजून जुन्या पोथीतच रमतो. गेल्या पावसाळ्यात रात्री लाइट जायच्या बेतात होते आणि दुसऱ्या पिढीचा डाव १३० टर्नच्या पुढे गेला होता. समोरच्याचाही स्नोरलॅक्स, माझाही स्नोरलॅक्स. दोघांचे कर्स सहा-सहा, दोघंही आळीपाळीनं झोपत होतो. त्याच्या रेस्टच्या चाली मी कागदावर रेघा मारून मोजत होतो: त्याच्या तीन उरल्या होत्या, माझ्या चार. आतून बायकोनं विचारलं, “संपलं का?” मी म्हटलं, “आत्ताशी सुरू होतंय,” आणि माझ्या गड्याला पुन्हा झोपवलं.