बाजारपेठेतली जुनी इमारत: ऐकलेलं आणि खरं

जालन्यात बाजारपेठेचा विषय निघाला की 'जालना, सोने का पालना' हे कोणीतरी म्हणतंच. ते खोटं नाही. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, पलीकडे कादराबाद. त्यात १९००च्या सुमाराला हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली आणि कापूस, सरकी, धान्य यांचा व्यापार फोफावला. मराठवाड्यातल्या अशा पेठांमधली जुनी इमारत साधारण एकाच धाटणीची असते. खाली पेढी किंवा दुकान, वर राहतं घर नाहीतर कोठार. दगडाच्या जाड भिंती, आत सागवानी खांब-तुळया, वर माळवद. पुढच्या काळातली असेल तर गर्डर आणि शहाबादी फरशी. आता ती वारसांत वाटली गेलेली, भाडेकरूंनी भरलेली, पावसाळ्यात गळणारी असते. ती सावरावी म्हटलं की गल्लीभर सल्ले मिळतात. त्यातले बरेचसे पिढ्यान्‌पिढ्या ऐकीव.

"नोटीस आली, म्हणजे आता पाडायचीच."

जालन्याची महापालिका २०२३ मध्ये झाली, त्यामुळे इथे आता महापालिकांचा कायदा लागू आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधलं कलम २६४ धोकादायक बांधकामांविषयी आहे, आणि त्यात पाडणं हा एकच मार्ग दिलेला नाही. बांधकाम सुरक्षित करा, दुरुस्त करा, असाही आदेश देता येतो. कलम २६५अ प्रमाणे तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तीस वर्षं झाली म्हणून इमारत मोडीत निघाली, असा त्याचा अर्थ कुठेच नाही. तपासणीनंतर इमारत चारपैकी एका वर्गात टाकतात. सी-१ असेल तर रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून किंवा काही भाग उतरवून मोठी दुरुस्ती. सी-२ब म्हणजे रिकामी न करता संरचनेची दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. नोटीस हातात पडली की आधी हा वर्ग बघावा.

दुसरा प्रश्न त्या तपासणीचाच. काँक्रीटच्या इमारतीसाठी वापरतात तो रिबाउंड हॅमर दगड-चुन्याच्या भिंतीवर मारून काढलेल्या आकड्यातून त्या भिंतीबद्दल फारसं कळत नाही. अशा भिंतीत सांध्यात चपटी जॅक बसवून तिच्यावर प्रत्यक्ष किती दाब आहे ते मोजतात. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे लाकूड पोखरलंय का, हे बारीक भोक पाडून बघतात. अहवालात यातलं काहीच नसेल, तर तो दगडी इमारतीचा अहवाल म्हणून मान्य करण्याआधी दुसऱ्या इंजिनिअरला दाखवलेला बरा. मुंबईत काळा घोड्याजवळच्या एस्प्लेनेड मॅन्शनचं, म्हणजे पूर्वीच्या वॉटसन हॉटेलचं, चित्र दुसऱ्या मतामुळेच बदललं. १८६० च्या दशकात बीडाचा सांगाडा इंग्लंडहून जहाजाने आणून उभारलेली ही इमारत पाडावी, असं २०१९ मध्ये एका नामांकित संस्थेच्या अहवालाने सुचवलं. पुढे उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला ती दुरुस्त होण्याजोगी वाटली.

"दगड-मातीचं बांधकाम भूकंपात टिकत नाही, किल्लारीला बघितलं नाही का?"

हा मुद्दा नीट पाहायला हवा. मराठवाड्यात तो भीतीतून येतो, आणि ती भीती रास्त आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसं गेली, ती बहुतेक घरांच्या भिंती आणि छपरांखाली. पण तिथे नेमकं काय मोडलं? भिंती दोन-अडीच फूट जाड दिसत होत्या, प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या भिंती होत्या. बाहेरचा थर, आतला थर, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटले. वर माळवदाचं ओझं. दरवर्षी गळती थांबवायला मातीचा नवा थर टाकायची रीत असल्याने काही घरांत ते फूट-दोन फूट झालेलं. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतं. दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीवर ते सात टन होतात.

पण त्याच गावांत, जिथे छप्पर भिंतीवर न टेकता सागवानी खांबांवर, म्हणजे खणांवर उभं होतं, तिथे अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला. मग पाठ असा निघाला, की दोष दगडाचा नव्हे, सुटेपणाचा. पुढच्या मजबुतीकरणाचे उपायही त्याच धाग्याने गेले. भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं घेऊन आरपार काँक्रीटचे दुवे घालायचे. छताच्या पातळीला सगळ्या भिंतींना गुंडाळणारा पट्टा द्यायचा. माळवदावरची जादा माती उतरवायची. कोपरे बांधायचे. आयएस १३८२८ आणि आयएस १३९३५ ही भारतीय मानकं याच प्रकारच्या बांधकामांसाठी आहेत, आणि गावातल्या अनुभवी गवंड्याला ती समजावून सांगितली तर तो हे काम करू शकतो.

याच्या पोटातच दुसरा गैरसमज दडलेला आहे. "आत चार आरसीसी कॉलम घाला, मोकळे व्हा." जुनी भिंत ताठ असते, नवा कॉलम लवतो. दोघांना एकत्र बांधलंच नाही, तर भूकंपात भिंत एकीकडे जाते आणि कॉलम दुसरीकडे. शिवाय त्या कॉलमला पाया लागतो. काळ्या मातीत, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, जुन्या पायाला खेटून नवा खड्डा काढणं म्हणजे जुनी भिंत स्वतःच खचवणं. शेजारच्या प्लॉटवर तळघर खणताना जुन्या इमारतींना तडे जातात, त्याचं कारण हेच. कॉलम हवेच असतील तर तेही चालतं, पण मजला आणि भिंत त्यांना कुठे आणि कशी जोडली जाणार, हे नकाशावर दाखवल्याशिवाय खड्डा काढू नये.

"सळई तर आपल्या जालन्याचीच, भरपूर घालू."

जालन्याचं लोखंड राज्यभर जातं, त्याचा अभिमान असायलाच हवा. पण साधी सळई काँक्रीटमध्ये टिकते ती सिमेंटच्या अल्कलीमुळे. ताज्या काँक्रीटचा पीएच बाराच्या वर असतो. शंभर वर्षं हवा खाल्लेल्या चुन्यात तो नऊच्या खाली आलेला असतो, आणि तिथे सळईला काही संरक्षण मिळत नाही. गंजलेलं लोखंड मूळच्या कित्येक पट जागा घेतं आणि दगड आतून फोडतं. म्हणून जुन्या भिंतीच्या पोटात घालायचे दांडे, अँकर हे स्टेनलेस स्टीलचे घेतात. ते महाग, पण संख्येने थोडे लागतात. साधी सळई नव्या काँक्रीटच्या पट्ट्यात, पुरेशा कव्हरसह, ठीक.

सिमेंटच्या गिलाव्याचंही तसंच. जोत्यातून वर चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. वरून सिमेंट थापलं की ती आत कोंडते, क्षार साठतात, लोणा लागतो. मग दोन-चार पावसाळ्यांत गिलावा दगडाचा पापुद्रा घेऊनच सुटतो. भिंत पक्की दिसते आणि आत भुसभुशीत होत जाते. दुरुस्तीत चुनाच वापरावा, घाणीत मळलेला, सुर्खी घातलेला. मात्र चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तो गोणपाट ओलं ठेवून जपावा लागतो. 'आठ दिवसांत करून देतो' म्हणणाऱ्या ठेकेदाराला चुन्याचं काम देऊ नये.

"लाकूड म्हणजे आगीला आमंत्रण" हेही अर्धवट खरं. जाड सागवानी तुळई मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटर या वेगाने कोळसते, आणि वरचा कोळसाच आतल्या लाकडाचं रक्षण करतो. उघडं पोलाद साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावून वाकतं. लाकूड बदलण्याआधी वायरिंग बदलावं, हे सांगितलं की लोक हसतात, पण क्रम तोच आहे.

सगळ्यांत धोकादायक बदलाला मात्र कोणी धोका म्हणतच नाही. दुकानाला रुंद शटर हवं म्हणून तळमजल्याची भिंत काढतात आणि एक गर्डर टाकून मोकळे होतात. वरचा मजला जड आणि ताठ, खालचा पोकळ. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादमध्ये खाली पार्किंगसाठी मोकळा मजला सोडलेल्या कित्येक नव्या इमारती याच दोषाने बसल्या. जुन्या इमारतीचं आधुनिकीकरण करताना एखादी काढलेली भिंत परत घालावी लागेल, किंवा दर्शनी बाजूला खांबांना जोडणारी पोलादी चौकट द्यावी लागेल. दुकानदाराला हे आवडत नाही. शोकेसची चार फूट जागा जाते.

"हेरिटेजमध्ये नाव गेलं की खिळा ठोकता येत नाही."

हे केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांबद्दल ऐकलेलं असतं. तिथे कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आहे. शहरातल्या हेरिटेज यादीचं गणित वेगळं. मुंबईत १९९५ पासून असलेल्या नियमांत इमारतींचे तीन दर्जे आहेत. दुसऱ्या दर्जाच्या इमारतीत आतले बदल आणि नवा वापर परवानगीने करता येतात, तिसऱ्यात त्याहून जास्त मोकळीक असते. फोर्टमधल्या १९०८ च्या इस्माईल बिल्डिंगमध्ये २०१७ साली एका परदेशी कपड्यांच्या ब्रँडचं मोठं दालन उघडलं, ते दर्शनी दगडकाम राखून. नुसता दर्शनी भाग ठेवून मागे सगळं नवं उभं करणं, याला मात्र जतन म्हणायला मी तयार नाही. खण, तुळया, जिना गेल्यावर उरतो तो पडदा.

शेवटी भाडेकरू. 'दुरुस्तीला जागा सोडली की गेलीच,' या भीतीने बरीच कामं अडतात. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा भाडे कायदा होता. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. घर रिकामं केल्याशिवाय दुरुस्ती होत नसेल तर मालक न्यायालयात ताबा मागू शकतो, पण कलम १८ भाडेकरूच्या परत येण्याविषयीच आहे. कलम १४ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मुळात मालकाची. टेकू लावण्याआधी प्रत्येक गाळ्याचं माप, दाराची जागा आणि काम संपण्याची तारीख नकाशावर मांडून त्यावर दोघांनी सह्या कराव्यात, आणि एक प्रत इंजिनिअरकडे ठेवावी.