भान नसलं तरी मन असतं का?

अनसिंगच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "सासूबाईंना लकवा मारला. डोळे उघडतात, पण ओळख देत नाहीत. मेंदू चालू आहे म्हणतात डॉक्टर. मग मन आहे का गेलं?" आजचं बोलणं त्या प्रश्नावर.

आधी आपल्या चुलीपाशी बघू. भाकरी थापताना आपण लेकीशी बोलत असतो, हात आपोआप फिरतो, कडा सारखी येते. शेजारच्या घरी लग्नाचा डीजे वाजत असला तरी झोप लागते, पण बाळ जरासं कुरकुरलं की जाग येते. म्हणजे झोपेतही कोणीतरी ऐकत होतं, आणि कोणता आवाज आपला ते निवडतही होतं. दिवसभर न आठवलेलं नाव रात्री भांडी घासताना अचानक सुचतं. ही सगळी मेंदूची कामं, पण आपल्या नकळत झालेली.

श्वास, हृदयाचे ठोके यांवरही मेंदूच्या देठाचा ताबा असतो. त्याला मात्र मी मन म्हणणार नाही. भाकरीचा हात शिकून आला, बाळाचा आवाज मायेनं ओळखीचा झाला, श्वास कोणी शिकवला नाही. माझ्या मते फरक इथं आहे. सगळ्यांना हे पटत नाही. युरोपात देकार्त नावाचा विचारवंत म्हणायचा, ज्याचं भान आहे तेवढंच मन. आपल्याकडे बौद्ध आचार्य असंग आणि वसुबंधू यांनी दीड हजार वर्षांपूर्वीच 'आलयविज्ञान' सांगितलं. म्हणजे मनाचं कोठार, ज्यात जुने संस्कार बियाण्यासारखे पडून राहतात. शेतकरणीला हे लवकर कळतं.

अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा माणूस होता. 1953 मध्ये फिट्ससाठी त्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं आणि नवीन आठवण टिकेनाशी झाली. त्याला आरशात बघून चित्र गिरवायला दिलं. रोज तो म्हणायचा, हे मी आधी केलंच नाही. पण हात रोज सुधारत गेला. शिकणं झालं, भान नव्हतं. याला मनाबाहेर कसं ढकलायचं?

आता अवघड भाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग. 27 नोव्हेंबर 1973 ला त्यांच्यावर हल्ला झाला, गळा आवळल्यानं मेंदूचा प्राणवायू तुटला. 18 मे 2015 ला न्यूमोनियानं त्या गेल्या. जवळपास 42 वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांना आवडीचं खाणं कळतं, खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होतात, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांना यातून सोडवावं म्हणून अर्ज केला. 7 मार्च 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला, मेंदू मेलेला नाही असंही म्हटलं. ते हसू मनाचं होतं की नुसत्या नसांचं, यावर दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिकच होती.

इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. भान नसताना मेंदू काम करतो, ही एक. आणि भान असूनही माणूस दाखवू शकत नाही, ही दुसरी. 2006 मध्ये इंग्लंडमध्ये अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या 23 वर्षांच्या बाईला एमआरआय मशीनमध्ये सांगितलं, टेनिस खेळताय अशी कल्पना करा. तिच्या मेंदूचा तोच भाग जागा झाला जो धडधाकट माणसाचा होतो. 2024 मध्ये अनेक देशांतल्या डॉक्टरांनी असेच 241 रुग्ण तपासले. सांगितलेलं कृतीतून न दाखवणारे होते ते. त्यातल्या 60 जणांच्या मेंदूनं सांगितलेलं काम केलं.

तर त्या ताईंच्या सासूबाईंना कळतंच, असं मी म्हणणार नाही. कळत नाही, असं खाटेपाशी उभं राहून कोणी म्हणू नये. वावराच्या वाटणीचं बोलणं दुसऱ्या खोलीत करा. सकाळी आपलं नाव सांगा, मगच अंग पुसा. दर दोन तासांनी कूस बदला. आणि नीट गिळता येतं असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं.