निलगिरीचे तेल आणि घरातली मांजर-कुत्री

पावसाळा आला की वस्तीत डास वाढतात आणि कुत्र्यांच्या अंगावर गोचिड्या. मग कोणी निलगिरीच्या तेलाची वाफ घरभर करते, कोणी सिट्रोनेला जाळते, कोणी कुत्र्याला लवंगेचे तेल चोळते. “झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार?” हे वाक्य आम्ही घरभेटींत नेहमी ऐकतो. माणसाला चालते ते मुक्या जिवाला चालेलच असे नाही.

खोबरेल वेगळे आणि हे अर्क वेगळे. निलगिरी, लवंग, दालचिनी, पुदिना, टी ट्री यांची तेले फार तीव्र असतात. ती कातडीतूनही अंगात भिनतात. मांजराला धोका सर्वात जास्त, कारण असे पदार्थ निकामी करण्याची ताकद तिच्या यकृतात फार कमी असते. शिवाय मांजर सतत अंग चाटते, त्यामुळे अंगावरचा थेंब पोटात जातो. कुत्र्यालाही विषबाधा होते. आपल्या एका खोलीच्या घरात तर त्यांना वासापासून दूर जायलाही जागा नसते.

म्हणून एवढे पाळा:

• ही तेले जनावराच्या अंगाला लावू नका, पाण्यात मिसळूनही नाही.
• वाफ किंवा धूर करायचाच असेल तर दार-खिडकी उघडा, जनावराला बाहेर जाऊ द्या. बाटली बंद कपाटात ठेवा.
• गोचिडीचे औषध पशुवैद्यांना विचारूनच आणा. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, त्याने मांजर मरू शकते.

लाळ गळणे, उलटी, थरथर, झोकांड्या जाणे, धाप लागणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. अंगावर तेल असेल तर भांडी घासायच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने धुवा, कोरडे करून उबेत ठेवा. पोटात गेले असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका, तेल फुप्फुसात जाते. घरातली गोळीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तेलाची बाटली सोबत घेऊन लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मुंबईकरांसाठी परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे.

प्राणिमात्राला इजा न करणे हे आपले पहिले शील. नकळत होणारी इजाही टाळता येते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता, वेळ आणि फोन नंबर या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या फळ्यावर लिहून टाका.